सील रायफलच्या नावाने नको, मापाने घ्या

एअर रायफलचा जोर उतरला की पहिला संशय स्प्रिंगवर जातो आणि बहुतेक वेळा तो खोटा ठरतो. स्प्रिंग थकते, पण वर्षानुवर्षं, हळूहळू थकते. सील, म्हणजे हवा अडवून धरणारी रिंग किंवा चकती, मात्र एखाद्या पावसाळ्यातच मान टाकतं. दोन्हींतला फरक टार्गेटवरच दिसतो. छर्रे खाली पडतायत, पण एकाच ठिकाणी पडतायत, तर स्प्रिंगकडे बघा. उभ्या रेषेत वर-खाली विखुरतायत, तर प्रत्येक छऱ्याला मागून मिळणारा दाब वेगळा आहे, म्हणजे हवा कुठूनतरी निसटते आहे. आडवे विखुरत असतील तर सीलला हात लावू नका. बॅरलच्या बिजागरीचा बोल्ट आणि दस्त्याचे स्क्रू आधी तपासा.

इथे लिहितोय ते बॅरल मोडून भरायच्या, स्प्रिंग-पिस्टनच्या (चाप ओढला की स्प्रिंगने ढकललेला पिस्टन ट्यूबमधली हवा दाबून छर्रा सोडतो), ०.१७७ इंच बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, देशी रायफलबद्दल. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर मॅचला वापरतात त्या कॉम्प्रेस्ड एअरच्या रायफलींचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी थोडं.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बोअर ०.१७७ इंचापेक्षा मोठी असेल किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात असेल तर परवाना लागतो. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला २० ज्यूल म्हणजे सेकंदाला साधारण २८३ मीटर. दहा मीटरवरच्या कागदाला एवढ्याची गरजच नसते, १७० च्या आसपास वेग मिळाला तरी सात ज्यूलच्या वर ऊर्जा होते. सील बदलायचं ते गेलेला जोर परत आणायला. ‘जरा टाईट बसवा, जास्त मारेल’ असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नये. टाईट सील घर्षणात जोर खातं आणि रायफल उलट मंदावते.

हवा दोन ठिकाणांहून जाते: बॅरल आणि ट्यूब जिथे मिटतात तिथल्या ब्रीच सीलमधून, नाहीतर पिस्टनच्या डोक्यावरच्या सीलमधून. ब्रीच सील ही पाच-दहा रुपयांची ओ-रिंग असते आणि रायफल न उघडता बदलता येते. तरी लोक सरळ पिस्टनवर घसरतात. आधी ब्रीच तपासावं. त्याची रीत सोपी आहे. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी ब्रीचच्या जोडावर आडवी ठेवायची, एका टोकाला चिकटपट्टीने धरायची, छर्रा भरून सुरक्षित बॅकस्टॉपवर गोळी सोडायची. पट्टी उडाली किंवा जोराने थरथरली तर ब्रीच गळतंय. पट्टी जोडाच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना लावून बघावी, कारण रिंग बहुतेकदा एकाच बाजूने चेपलेली असते. छर्रा न भरता ही तपासणी करायची नाही. पुढे छर्रा नसेल तर हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन ट्यूबच्या टोकावर आदळतो आणि धड असलेलं सीलही फुटतं.

जुनी रिंग लाकडी टूथपिकने उचलायची. स्क्रू ड्रायव्हरने खाचेच्या कडेला ओरखडा पडला तर नवी रिंगसुद्धा तिथूनच गळणार. आता माप. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लोक जुनी रिंग खिशात घालून दुकानात जातात. ती तेल पिऊन फुगलेली असते किंवा दाबून चपटी झालेली असते, तिच्या मापाला काही अर्थ नसतो. माप खाचेचं घ्यायचं: बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि खोली. खोली मोजायला व्हर्नियरच्या शेपटीची दांडी चालते.

उदाहरण म्हणून एका रायफलची खाच घेऊ: बाहेरचा व्यास ११, आतला ६, खोली २.२ मिलिमीटर. म्हणजे खाच अडीच मिलिमीटर रुंद. रिंग खाचेच्या वर साधारण ०.२ मिलिमीटर दिसली पाहिजे, तर सेक्शन, म्हणजे रिंगच्या रबराची जाडी, २.४ चा. दाब आतून येतो, म्हणून रिंग बाहेरच्या भिंतीला टेकलेली हवी, ६.३ आयडी (रिंगचा आतला व्यास) आणि २.४ सेक्शन धरला तर बाहेरचा व्यास ११.१ होतो आणि ती किंचित दाबून बसते. रुंदीत थोडी जागा राहू द्यावी. रबर दाबलं तर आकार बदलतं, आकारमान नाही. त्याला सरकायला जागा मिळाली नाही तर बॅरल पूर्ण मिटत नाही, लॅच अर्धवट बसतो आणि नेम रोज वेगळीकडे जातो. रिंग खोल बसली असेल तर जाड रिंग कोंबण्यापेक्षा खाली ट्रान्सपरन्सी शीटची वर्तुळाकार चकती कापून घालावी. एक चकती म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटरचा फरक.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, नाहीतर भोसरीच्या हायड्रॉलिक-न्यूमॅटिक सामानाच्या दुकानांत ही रिंग मिळते. तिथे रायफलचं नाव सांगून उपयोग नाही. ‘सहा पॉइंट तीन बाय दोन पॉइंट चार, नायट्राईल, सत्तर शोअर’ (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप) असं सांगितलं की समोरचा डबा उघडतो. मटेरियल मात्र विचारूनच घ्या. नायट्राईल, म्हणजे एनबीआर, ७० शोअर ब्रीचला उत्तम. विटॉन उष्णता जास्त सोसतो, महाग असतो, चालतो. लाल सिलिकॉनची रिंग मऊ असते आणि कडेला फाटते. ईपीडीएमची रिंग दिसायला नायट्राईलसारखीच काळी, पण खनिज तेल लागलं की फुगते. नळाच्या आणि ब्रेकच्या सामानात ईपीडीएम बऱ्याचदा असतं, म्हणून प्लंबिंगच्या दुकानातली रिंग घेऊ नये. रंगावरून ओळखायचं म्हणाल तर विटॉन तपकिरी असतो, हिरवा असतो आणि काळाही असतो.

ब्रीच सील बदलून क्रोनोग्राफवर, म्हणजे छऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, दहा छऱ्यांचा वेग घ्यावा. वरच्याच रायफलचे आकडे देतो, छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. बदलण्याआधी सरासरी १३८ मीटर, सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद छऱ्यात १४ मीटरचा फरक. नव्या रिंगनंतर सरासरी १५१, पण फरक ९ वरच अडकला. टिश्यू आता हलत नव्हता. सरासरी वाढली तरी फरक पुरेसा कमी होत नाही, याचा अर्थ पिस्टनचं सीलही गेलेलं आहे. मग उघडण्यावाचून इलाज नाही.

उघडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. रायफल भरलेली नसली तरी आतली स्प्रिंग दाबलेलीच असते. मागची पिन काढली की ती ट्रिगर ब्लॉकला पाच-सात सेंटिमीटर मागे फेकू शकते. म्हणून सुताराचा लांब सॅश क्लॅम्प हवा. त्याचा एक जबडा ट्यूबच्या पुढच्या टोकाला, दुसरा मागच्या ब्लॉकला, मध्ये लाकडाचे ठोकळे. चष्मा घाला, आणि तोंड ट्यूबच्या रेषेत आणू नका. क्लॅम्पने स्प्रिंगचा भार पेलला की पिना सैल होतात आणि पितळी पंचच्या हलक्या टपलीने बाहेर येतात. हातोडा जोरात मारावा लागत असेल तर भार अजून पिनेवरच आहे, क्लॅम्प आणखी अर्धा आटा घट्ट करा. मग क्लॅम्प सावकाश सैल करत न्यायचा. दस्ता काढलेली रायफल कधीही कॉक करून (बॅरल मोडून स्प्रिंग चढवून) चाप ओढायचा नाही. प्रत्येक सुटा भाग निघेल त्या क्रमाने कापडावर मांडा आणि फोटो काढा. ट्रिगरच्या छोट्या स्प्रिंगा कुठल्या दिशेला होत्या हे संध्याकाळपर्यंत कुणाच्याच लक्षात राहत नाही.

कॉकिंगचा दांडा खाचेतून सोडवला की पिस्टन मागून सरकत बाहेर येतो. जुन्या देशी रायफलींत डोक्यावर चामड्याची वायसर असते, घरच्या रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असायची तशीच, फक्त जाड. नंतरच्या रायफलींत पॉलियुरेथेनचं सील. पॉलियुरेथेन जुनं झालं की पिवळं पडतं आणि नखाने भुगा होतो. दमट हवेत एस्टर प्रकारचं पॉलियुरेथेन पाण्यामुळे आतून तुटत जातं, आणि पावसाळ्यात कपाटात, बंद केसमध्ये पडून राहिलेल्या रायफलीत हेच होतं. नवं घेताना ईथर प्रकारचं मागावं, ते दमटपणाला जास्त टिकतं. सिलिका जेलची पुडी केसमध्ये टाकली तरी पुष्कळ फरक पडतो.

चामड्याची वायसर मोडीत काढायची घाई करू नये. ती नीट कापलेली आणि तेल प्यायलेली असेल तर घट्ट बसते आणि खडबडीत ट्यूबमध्येही धकून जाते. तिचा दोष एकच: कोरडी पडली की आकसते. अशी वायसर सिलिकॉन तेलात रात्रभर भिजवून, पुसून, परत बसवली की बऱ्याचदा काम होतं. ती मधोमध फाटलेली किंवा कडेला पातळ झालेली असेल तरच बदला.

आता ट्यूबचं माप. देशी रायफलींत एकाच मॉडेलच्या दोन ट्यूब एका मापाच्या नसतात, आणि एकच ट्यूबसुद्धा सगळीकडे सारखी नसते. टेलिस्कोपिक गेजने (आतला व्यास मोजायचं साधन) तीन ठिकाणी मोजायचं: पुढचं टोक, मध्य, आणि दांड्याच्या खाचेजवळ. आपल्या रायफलीत पुढे २५.०२, मध्ये २५.०६ आणि खाचेजवळ २५.१५ निघालं. हिशेब पुढच्या मापावर करायचा, कारण सगळ्यात जास्त दाब पिस्टन टोकाशी पोहोचताना तयार होतो. सीलच्या ओठाचा, म्हणजे ट्यूबच्या भिंतीला टेकणाऱ्या पुढच्या कडेचा, व्यास ट्यूबपेक्षा पाव ते तीन दशांश मिलिमीटर जास्त, म्हणजे इथे २५.३, ओठाच्या मागचं अंग ट्यूबपेक्षा कमी, २४.७ च्या आसपास, नाहीतर पूर्ण लांबीभर घासत राहतं. ओठाची खोली एक ते दीड मिलिमीटर पुरे. तोंड सपाट हवं. न्यूमॅटिक सिलिंडरचं २५ बोअरचं तयार यू-सील स्वस्तात मिळतं आणि मापाने बसतंसुद्धा, पण त्याची वाटी खोल असते. त्या वाटीत उरलेली हवा छऱ्यामागे जात नाही, नुसती दाबली जाते आणि परत पसरते; जोर तिथेच मुरतो.

दोन रस्ते आहेत. रायफलच्या कंपनीचं सील मिळत असेल तर घ्या, पण बसवायच्या आधी ओठाचा व्यास मोजा. नाहीतर भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या टर्नरकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, ९५ शोअरच्या पॉलियुरेथेन रॉडमधून कापून घ्या. टर्नरला कागदावर स्केच द्यायचं, आणि त्यावर ओठाचा व्यास, अंगाचा व्यास, एकूण जाडी, मागच्या खाचेची किंवा भोकाची मापं लिहायची. जाडी जुन्याइतकीच हवी. एक मिलिमीटर जाड झालं की पिस्टनची धाव एक मिलिमीटरने कमी होते. जुनं भुसभुशीत झालं असेल तर तुकडे जुळवून जाडी मोजावी लागते, त्यासाठी चुरा फेकू नये. टूल धारदार असलं पाहिजे. बोथट टूलने पॉलियुरेथेन कापलं जात नाही, ढकललं जातं, आणि मशीनवर २५.३ दिसणारं माप घरी आल्यावर २५.६ निघतं. म्हणून टर्नरकडून निघण्याआधी, नग थंड झाल्यावर, परत मोजून घ्यायचं. सेटिंग लागलेलं असतंच, तेव्हा दोन नग करून घ्यावेत.

सील बसवण्याआधी ट्यूब. मागच्या दांड्याच्या खाचेच्या आतल्या कडा बोटाने चाचपून बघा. देशी रायफलींत तिथे हमखास बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची धारदार कड, असतो, आणि नवं सील आत ढकलताना ओठावर एक बारीक काप बसतो. हा काप डोळ्याला दिसतही नाही. रायफल जोडल्यावर वेग पहिल्यासारखाच निघतो आणि माणूस सील खराब होतं म्हणून टर्नरशी भांडतो. बारीक कानशीने बर काढा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत करा. आतली भिंत काठीला गुंडाळलेल्या त्याच पेपरने तिरक्या फेऱ्यांत हलकी घासा. आरसा करायचा नाही, बारीक जाळी उमटली पाहिजे, म्हणजे वंगण धरून ठेवते. नंतर रॉकेलने धुवा आणि कोरड्या सुती कापडाने, कापड पांढरं निघेपर्यंत पुसा. पॉलिश पेपरची एक कणी आत राहिली तरी ती सील खाते.

आता कोरड्या ट्यूबमध्ये सील लावलेला पिस्टन, स्प्रिंग न घालता, ढकलून बघा. अंगठ्याच्या जोराने, एकसारख्या विरोधाने सरकला तर माप बरोबर. स्वतःच्या वजनाने घसरला तर लहान. दोन्ही हातांनी रेटावा लागला तर मोठं. मग पिस्टन लेथमध्ये किंवा ड्रिलमध्ये संथ फिरवून ६०० नंबरच्या ओल्या पेपरने ओठ कमी करायचा, थांबून थांबून मोजत, कारण घासताना तापलेलं पॉलियुरेथेन फुगून खोटं माप दाखवतं. ढकललेला पिस्टन बाहेर काढून ओठ बघा. चमकलेली पट्टी गोल फिरून अखंड दिसली पाहिजे. एका बाजूला चमक आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर सील तिरकं बसलंय.

पिस्टनच्या मशरूमसारख्या डोक्यावर दाबून बसवायचं सील चहाला ठेवतो त्यापेक्षा बरंच कमी तापलेल्या, म्हणजे साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवलं की लवचिक होतं आणि अंगठ्याने बसतं. बसल्यावर पिस्टनचं तोंड आणि सील यांच्यात फट राहता कामा नये. उजेडासमोर धरून बघा. फट राहिली की प्रत्येक वेळी सील पुढे-मागे डुलतं आणि आतल्या कडेने फाटतं. तिथे पातळ पत्र्याची चकती घाला. स्क्रूने आवळायचं सील असेल तर स्क्रूला थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावा. सुटलेला स्क्रू ट्यूबच्या टोकात खड्डा पाडतो.

वंगणाच्या बाबतीत कंजूसपणा करा. स्प्रिंग रायफलमध्ये हवा एका झटक्यात दाबली जाते आणि क्षणभर तिचं तापमान काही शे अंशांवर जातं. सीलच्या पुढे पेट्रोलियम तेल असेल तर ते पेटतं. धूर, जळका वास, मोठा आवाज, आणि सीलच्या तोंडावर करपलेले डाग. गंज काढायचे स्प्रे ट्यूबमध्ये अजिबात नकोत. ऑटोपार्ट्सच्या दुकानातलं काळं मॉली ग्रीस हे मुळात लिथियम ग्रीस, मॉली त्यात तीन टक्क्यांच्या आसपास, बाकी तेलच. इथे मॉलिब्डेनम डायसल्फाईडची घट्ट पेस्ट हवी. पिस्टनच्या मागच्या कडेला आणि दांड्याच्या खाचेला ती बोटाने पुसट लावायची, ओठाच्या बाजूला मोहरीच्या दाण्याएवढी, तीही पुसून काढल्यासारखी. सीलच्या पुढे काहीही नाही. स्प्रिंगला जाडसर ग्रीसचा पातळ थर चालतो, त्याने कॉक करतानाची किरकिर आणि सुटल्यावरचा झणत्कार दोन्ही कमी होतात. जोडण्याआधी स्प्रिंग काचेवर लोळवून बघा. डुलत गेली तर वाकलेली आहे, मग तीही बदला.

पिस्टन आत घालताना कोल्ड्रिंकच्या बाटलीची गुळगुळीत पट्टी कापून ट्यूबच्या आत, खाचेवर झाकण म्हणून सरकवायची. सील तिच्यावरून घसरत पुढे जातं, मग पट्टी मागून ओढून घ्यायची. तरीही ओठ खाचेत डोकावला तर बोथट लाकडी काडीने आत दाबा, धातूने नको. बाकी जोडणी उलट्या क्रमाने: स्प्रिंग, गाईड, ब्लॉक, क्लॅम्प, पिना. दस्त्याचे स्क्रू शेवटी, पुढचे दोन्ही आधी, थोडे थोडे आळीपाळीने.

पहिल्या वीस-तीस छऱ्यांत हलका धूर येतो, वेग उड्या मारतो. त्यावरून काही ठरवू नये. शंभर-दीडशे छर्रे गेले की ओठ ट्यूबच्या आकाराला बसतो. आपल्या रायफलीचा वेग त्यानंतर १७२ वर स्थिरावला, दहा छऱ्यांतला फरक ४ मीटर. म्हणजे पावणेपाच ज्यूलवरून जवळजवळ साडेसातवर. छर्रा सुरुवातीपासून एकाच प्रकारचा वापरा, नाहीतर आकडे तुलनेला उरत नाहीत. अगदी हलके छर्रे टाळा. ते पिस्टन पोहोचण्याआधीच निघून जातात आणि पिस्टन टोकावर आदळतो. धूर शंभर छऱ्यांनंतरही थांबला नाही तर वंगण जास्त झालंय. परत उघडून पुसणं हाच उपाय.

आता कॉम्प्रेस्ड एअरच्या मॅच रायफलींबद्दल. इथे सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो, म्हणून पहिली पायरी हवा पूर्ण सोडणं, गेज शून्यावर आलं तरी एकदा रिकामी ट्रिगर ओढून खात्री करणं. सिलिंडर आणि रायफल यांच्यातल्या ओ-रिंगला ७० शोअर पुरत नाही. तेवढ्या दाबाला मऊ रबर फटीत घुसून कातरलं जातं, ९० शोअर घ्यावी. वंगण फक्त सिलिकॉन ग्रीसचं. जास्त दाबाच्या हवेत पेट्रोलियम तेल म्हणजे स्फोटाला आमंत्रण. रेग्युलेटर घरी उघडू नका, तो अधिकृत सर्व्हिसकडेच द्यावा.

गळती आहे की नाही हे ठरवतानाही घाई नको. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे दिसले तर गळतं. नुसतं गेज खाली आलं म्हणून नाही. डिसेंबरात पुण्यात दुपारी तीस अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर पहाटे बारा अंशांना १८८ दाखवतो, आणि दुपारी परत वर येतो. सिलिंडरवर कोरलेली तारीखही बघून घ्या. मॅच रायफलींच्या कंपन्या सिलिंडरला सहसा दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरू नये ही जबाबदारी नेमबाजाचीच धरली जाते. मुदत संपलेल्या सिलिंडरला नवी ओ-रिंग लावायला बसू नका, सिलिंडरच बदला.